सांबऱ्याला न येणाऱ्या विमानाचे पॉइंट

‘फुकटात जाऊन आलासा म्हणे दिल्लीला!’ मे महिन्यापासून हे वाक्य मी भाजी घेताना ऐकलंय, उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर ऐकलंय आणि एका लग्नात हातात अक्षता घेऊन उभी असतानाही ऐकलंय. फुकटात नाही हो. क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर जातानाची चार तिकिटं काढली, त्यांचा टॅक्स रोख भरला, दोन तिकिटं पूर्ण पैसे मोजून घेतली आणि गोव्यातल्या मोपा विमानतळापर्यंत गाडीचं भाडं दिलं ते वेगळंच. तरी एकूण हिशेब फायद्यात राहिला. तो का राहिला हे सांगते, कारण पुण्या-मुंबईकडची मंडळी या विषयावर जे सांगतात ते आपल्या बेळगावला जसंच्या तसं लागू होत नाही.

पुण्याच्या माणसाला विमानतळ एकच. कुठल्याही कंपनीचे पॉइंट असोत, टॅक्सी तिथंच जाते. आपलं तसं नाही. आपलं सांबरा गावाजवळ, शहरातून वीस-पंचवीस मिनिटांवर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं बांधलेलं हे विमानतळ. २०१७ ला नवी टर्मिनल इमारत झाली, पुढं लहान शहरं विमानानं जोडायच्या सरकारी उडान योजनेत नाव लागलं आणि जरा वर्दळ आली. पण येतं कोण? इंडिगो आणि घोडावतांची स्टार एअर. माझ्या कार्डावर पडणारे पॉइंट होते विस्ताराचे, त्याच विमान कंपनीच्या तिकिटासाठी वापरायचे. विस्ताराचं विमान सांबऱ्याला कधी उतरलंच नाही. पुढं १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा पॉइंट एकास एक या हिशेबानं एअर इंडियाच्या खात्यात गेले. छान झालं, पण एअर इंडियाही काही सांबऱ्याला येत नाही! म्हणजे पॉइंट माझ्या खात्यात आणि विमान गोव्यात.

आता पॉइंट आले कुठून ते. आमचं उद्यमबागेत छोटं मशिन शॉप आहे, हे मशिनं बघतात आणि मी हिशेब. कार्बाइडचे इन्सर्ट, कटिंग ऑइल, बेअरिंग ही महिन्याची खरेदी पूर्वी चेकनं व्हायची, ती मी कार्डावर आणली. कार्डाच्या पॉइंटांत खरा मलिदा असतो तो बोनसमध्ये. कार्ड घेतल्यावर एकदा, आणि मग वर्षात खर्चाचा ठरावीक टप्पा ओलांडला की पुन्हा. रोजच्या खर्चावर दोनशे रुपयांना दोन-चार पॉइंट पडतात, ते ताटातल्या कोशिंबिरीसारखे. टप्प्याचा बोनस एकदम हजारांत येतो. म्हणून मार्च उजाडायच्या आत टप्पा किती लांब आहे ते बघायचं आणि जी खरेदी एप्रिलमध्ये होणारच आहे ती थोडी आधी करायची. पण तुमच्या कार्डाचं वर्ष मार्चला संपतं की कार्ड घेतलेल्या महिन्याला, ते आधी बघा. बऱ्याच कार्डांत ते कार्ड घेतलेल्या महिन्यालाच संपतं.

होणारच आहे तीच खरेदी बरं का. टप्पा गाठायला म्हणून शहापुरात सराफाकडे जाऊन बांगड्या करून आलेली माणसं मला माहीत आहेत. त्यातून आपल्याकडे कार्ड पुढं केलं की दुकानदार शांतपणे म्हणतो, ‘मशिन आहे की, पण दोन टक्के वर लागतील बघा.’ दोन टक्के वर दिले की पॉइंटांत राम उरत नाही. मी सरळ विचारते, रोखीचा दर काय आणि कार्डाचा काय. फरक असेल तर रोख. शिवाय पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर बहुतेक कार्डांत पॉइंट मिळतच नाहीत, आणि विमा किंवा हेस्कॉमचं विजेचं बिल यांवर कुठं कमी तर कुठं मर्यादा. तेव्हा ‘सगळा खर्च कार्डावर टाकला’ म्हणून खूश होऊ नका, स्टेटमेंटमध्ये पॉइंट किती पडले ते वाचा.

आणि ज्याला महिन्याचं पूर्ण बिल भरणं जमत नाही त्यानं हा लेख इथंच सोडावा, मी रागावणार नाही. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लागतं, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. लाखाची बाकी महिनाभर राहिली तर चार हजारांवर जातात, आणि त्या लाखाच्या खरेदीवर पॉइंट मिळालेले असतात हजाराचे. ग्राहक आयोगानं २००८ ला या व्याजावर वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये तीही काढून टाकली.

बरं, दिल्ली. नणंदेचे यजमान लष्करात, सध्या दिल्ली कँटला. तिच्या बाळाचं बारसं मे महिन्यात ठरलं. जाणारे सहा: मामा-आत्या (म्हणजे सासू-सासरे, आमच्याकडे असंच म्हणतात), हे, मी आणि दोन मुलं. दोन वर्षांवरच्या मुलाला विमानात पूर्ण जागा, म्हणजे पॉइंटही पूर्णच लागतात.

मी पॉइंटाची किंमत अशी काढते. रोखीचं तिकीट किती, त्यातून पॉइंटाच्या तिकिटावर भरावा लागणारा टॅक्स वजा करायचा, आणि उरलेल्याला लागणाऱ्या पॉइंटांनी भागायचं. आकडे गोल करून सांगते. मे महिन्यातलं गोवा-दिल्ली रोखीत ८,६००. पॉइंटांवर ६,००० पॉइंट आणि वर ११०० रुपये. म्हणजे साडेसात हजार भागिले सहा हजार, एका पॉइंटाला सव्वा रुपया. हेच जुलैच्या पावसात रोखीचं तिकीट ४,७०० ला मिळत असेल आणि पॉइंट तेवढेच लागत असतील, तर पॉइंटाला साठ पैसे. मग जुलैत पॉइंट कशाला जाळायचे? गर्दीच्या दिवसांत विमान कंपन्या पॉइंटही वाढवून मागतात, त्यामुळं हा भागाकार दर वेळी नव्यानं करावा लागतो. माझ्या दुसऱ्या एका कार्डाचे बँकेचे पॉइंट आहेत, त्यांवर कॅटलॉगमधला मिक्सर घेतला तर चार पॉइंटांना एक रुपया पडतो. तेच विमान कंपनीकडे वळवले तर जास्त पडतात, पण एकदा वळवलेले बँकेकडे परत येत नाहीत. म्हणून जागा दिसल्याशिवाय वळवायचे नाहीत.

जागा दिसणं हाच खरा खेळ. मी सहा माणसं टाकून शोधलं तर एकही विमान दाखवेना. हे म्हणाले, ‘बघ, सांगत होतो, हे सगळं नावापुरतं असतंय.’ मग मी चार टाकले. दिसलं! प्रत्येक विमानात दरादराच्या जागांचे कप्पे असतात, आणि पॉइंटांच्या कप्प्यात थोड्याच जागा ठेवलेल्या असतात. तुम्ही सहा मागता तेव्हा सहाही जागा त्या कप्प्यात असल्या तरच उत्तर येतं, नाहीतर चार शिल्लक असूनही ‘नाही’. रोखीच्या तिकिटालाही हेच. स्वस्त कप्प्यात तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या तर चारही जणांना वरच्या कप्प्याचा दर लागतो. तेव्हा मोठ्या कुटुंबानं तुकडे करून शोधावं.

चार पॉइंटांवर, दोन रोखीत असं ठरलं. मग कोण कशावर? मुलं एखाद्या मोठ्या माणसाच्या पीएनआरवर हवीत, ते पहिलं. आणि आमच्या त्या पॉइंटांच्या तिकिटाला रद्द करण्याची फी रोखीच्या स्वस्त तिकिटापेक्षा कमी होती, हे अटींमध्ये वाचलं होतं. म्हणून ज्यांचं मन बदलण्याची शक्यता जास्त त्यांना पॉइंट. आमच्या घरात ते म्हणजे मामा. मामा-आत्या आणि हे-धाकटा पॉइंटांवर, मी आणि थोरली रोखीत. तिकिटं काढल्यावर कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घेतले, म्हणजे वेळ बदलली तर निम्मं घर एका विमानात आणि निम्मं दुसऱ्यात असं होऊ नये.

दुसऱ्याच्या नावानं पॉइंट वापरायचे तर कुटुंबातल्या माणसांची नावं आधी खात्यात नोंदवावी लागतात, तिथं आमचा अर्धा दिवस गेला. मामांच्या नावात ‘ज्ञ’ आहे. शाळेच्या जुन्या दाखल्यावरून काढलेल्या पॅनवर तो डी-एन-वाय, आणि आधारवर कन्नडच्या वळणानं जे-एन. सीमाभागातल्या निम्म्या घरांत असा एखादा ‘ज्ञ’ किंवा एखादा ‘क्ष’ असणारच. विमानतळाच्या दारात जे ओळखपत्र दाखवणार त्याचंच स्पेलिंग तिकिटावर हवं, म्हणून मी जे-एन घातलं. मामा म्हणाले, ‘मी जे-एन नव्हे.’ मी म्हटलं, ‘मामा, एक दिवस व्हा की.’

गोव्याचं तिकीट काढणाऱ्यांनो, कुठला गोवा ते बघा. जानेवारी २०२३ पासून तिथं दोन विमानतळं आहेत, पेडण्याजवळचं मोपा आणि वास्कोजवळचं दाबोळी. दोन्हींत गोव्याच्या उत्तर टोकापासून पार झुआरीपलीकडचं अंतर. बेळगावकरांना वेंगुर्ला रोडनं मोपा सोयीचं पडतं. हिंडलगा, बाची, शिनोळी, चंदगडावरून आंबोली, मग घाट उतरून सावंतवाडी. चोर्ल्याच्या घाटानंही जाता येतं, पण पावसाळ्यात तो रस्ता मी सुचवणार नाही. आम्ही पहाटे निघालो. शिनोळीला महाराष्ट्र लागला, सावंतवाडीपुढं गोवा. धाकट्यानं नाश्त्याच्या आत तीन राज्यं मोजली आणि आंबोलीच्या वळणांवर तो नाश्ता परत केला. उलटीच्या पिशव्या जवळ ठेवा, विमानापेक्षा घाटात जास्त लागतात.

आता आपल्या भागासाठी माझा जो शोध आहे तो हा. गाडीला साडेपाच हजार लागले. सहा जणांत ते माणशी नऊशे. त्या तारखेला सांबऱ्याहून बेंगळुरूमार्गे दिल्लीचं तिकीट मोप्याच्या तिकिटापेक्षा माणशी अडीच हजारांनी महाग होतं, त्यामुळं गाडीचे पैसे देऊनही गोवा परवडलं, आणि पॉइंटांचा फायदा त्याच्या वर. पण दोघंच जाणार असतील तर? गाडी तेवढीच लागते, माणशी पावणेतीन हजार, म्हणजे गोव्याचा स्वस्तपणा तिथंच संपला. दोघांनी सांबराच धरावं आणि जमवायचेच असतील तर इंडिगोचे पॉइंट जमवावेत. त्यांचाही ब्लूचिप म्हणून कार्यक्रम २०२४ च्या अखेरीस सुरू झालाय. लांबचं विमानतळ भरल्या घराचं, जवळचं दोघांचं. बेळगावात कुठलं कार्ड घ्यावं हे विचारणाऱ्याला मी आधी विचारते, घरातून एका वेळी किती माणसं बाहेर पडता?

बारसं छान झालं. आम्ही चौघं रोखीच्या तिकिटावर बेंगळुरूला आणि तिथून पंख्याच्या छोट्या एटीआर विमानानं थेट सांबऱ्याला उतरलो, घरी पोचून दुपारचं जेवलो. मामा-आत्या लेकीकडे आणखी राहणार होते. त्यांच्या परतीसाठी मी उरलेले १२,००० पॉइंट घालून दिल्ली-मोपा आधीच काढून ठेवलं होतं.

जूनमध्ये दिल्लीहून मामांचा फोन. ‘मोप्याला आम्हाला न्यायला गाडी कोण आणणार?’

‘पाठवते की मामा.’

‘दोघांसाठी साडेपाच हजाराची गाडी? तूच सांगत होतीस, दोघांना परवडत नाही म्हणून. गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनला बसलं की बेळगाव स्टेशनात उतरवते. तिथनं रिक्षा.’

मी म्हटलं, दीड दिवस लागतो, उकाडा आहे, आत्यांचे गुडघे. ते म्हणाले, एसीत काय उकाडा, आणि आत्यांना भोपाळचं स्टेशन बघायचंय. आत्यांनी मागून ‘मी कुठं म्हटलं?’ असं म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. पण हिशेब माझाच होता आणि बरोबर होता. तिकिटं रद्द केली. टॅक्स परत आला, पॉइंटही आले, रद्द करण्याची फी तेवढी गेली.

‘लोअर बर्थ मिळतो काय तुझ्या पॉइंटांत?’ मामांनी विचारलं.

तो ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातून मिळाला.