साडेचार हजारांचा तंबू घ्यावा का? वाडीतल्या तीन महिन्यांच्या नोंदी

आधीच सांगून टाकतो: रोपांसाठीचा हा ग्रीनहाऊस-तंबू मी विकत घेतला नाही, तरी पैसे गेलेच. कसे गेले ते पुढे येईल.

माझी गरज साधी होती. टोमॅटो, ढोबळी मिरची आणि भिवापुरी मिरचीची रोपं मी दर हिवाळ्यात घरीच करतो, ९८ कप्प्यांच्या तीन ट्रेमध्ये. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच बोचतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ वर गेला होता, तेव्हा माझा एक अख्खा ट्रे जागच्या जागी बसला. मिरचीवर्गाच्या बियाण्याला उगवायला २५ ते ३० अंश लागतात, आणि इकडे घाईचं कारण वेगळंच. एप्रिल लागला की टोमॅटोची फुलं गळायला लागतात. त्यामुळे डिसेंबरात वाचलेला एकेक आठवडा मार्चात टोपलीत दिसतो.

ऑनलाइन मिळणारे ते उभं राहून आत शिरता येणारे हिरवे तंबू तुम्ही पाहिले असतीलच. लोखंडी बारीक नळ्या, प्लास्टिकचे सांधे, वर जाळी विणलेलं मेनकापड, पुढे गुंडाळायचं चेनचं दार. किंमत साडेचार हजारांच्या आसपास. घ्यावा की नाही या विचारात दोन हिवाळे गेले. यंदा भाच्याने नागपूरचं घर बदललं, नव्या घराला गच्ची नाही, म्हणून त्याचा तंबू तो नोव्हेंबरअखेर माझ्याकडे ठेवून गेला. "मामा, वापरून पाहा, पण परत द्या बरं," असं बजावून.

तंबू १४३ बाय १४३ सेंटीमीटरचा, उंची १९५. उभा करायला दीड तास लागला, त्यातला पाऊण तास कोणती नळी कुठली हे ओळखण्यात. शेजारचे काकाजी कुंपणावरून बघत होते. "काहून बाप्पा, मच्छरदाणी कोणासाठी लावून राह्यला?" तेव्हापासून घरात त्याला मच्छरदाणीच म्हणतात.

८ डिसेंबरला ढोबळीचे तीन ट्रे लावले. एक तंबूत, एक नेहमीच्या जागी ओट्यावर. तिसरा आईने पळवला. पिशवीत गुंडाळून तिने तो चुलीमागच्या भिंतीला टेकवून ठेवला, पाणी तापवायची चूल रोज पेटतेच म्हणून.

आता आकडे. पहिल्या चार दिवसांचे आकडे मी खोडले, कारण थर्मामीटर उन्हातच लटकवला होता आणि तो ५१ दाखवत होता. उन्हातला थर्मामीटर हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. मग थर्मोकोलच्या झाकणाखाली, हवा खेळेल असा टांगला. बाहेर २८ असताना दार बंद ठेवून दुपारी एकला आत ४३. दार आणि दोन्ही खिडक्या उघडल्या तर ३४. दार बंद असताना डोक्याच्या उंचीला ४७, ट्रेच्या फळीवर ४३, जमिनीलगत ३६. गरम हवा वर चढते आणि वर तिला वाट नाही. शेतातली पॉलीहाऊसं कळसाला सहा-साडेसहा मीटर उंच बांधतात आणि वरच्या अंगाला झरोके ठेवतात ते उगीच नाही. इथे दोन मीटरच्या डब्यात सगळा कारभार. सकाळी दहाला दार उघडायला विसरलात की साडेअकराला रोपं माना टाकतात. मी एकदा विसरलो, बँकेत रांगेत उभा होतो.

आणि ज्या रात्रीसाठी हा सगळा खटाटोप, ती रात्र? ११ जानेवारीला पहाटे बाहेर ८.४, आत ९.६. एवढंच! आभाळ निरभ्र, वारा नाही, दार घट्ट बंद, तरी फरक सव्वा अंशाचा. दिवसा कोंडलेली ऊब एका पातळ कापडातून तासा-दोन तासांत निघून जाते.

मग पाण्याचा प्रयोग केला. पाणी दिवसा तापतं, रात्री ऊब सोडतं, हे आपण सगळेच ऐकत आलो. वीस-वीस लिटरचे दोन जार काळे रंगवून आत ठेवले. संध्याकाळी पाणी २८ अंश, पहाटे १३. हिशोब मांडला तर चाळीस लिटर पाणी पंधरा अंशांनी उतरताना सुमारे पाऊण युनिट विजेइतकी ऊब देतं. दहा तासांवर पसरली तर रात्रभर सत्तर वॉटचा एक बल्ब. तंबूच्या भिंती आणि छप्पर मिळून तेरा-एक चौरस मीटर. एकेरी प्लास्टिकमधून चौरस मीटरला, दर अंशामागे सहा वॉट तरी जातातच. म्हणजे सत्तर वॉटने जेमतेम एक अंश मिळायचा, आणि मिळालाही तेवढाच. दहा जार ठेवले असते तर फरक पडला असता, पण मग ट्रे कुठे ठेवायचे?

उगवण मात्र बघण्यासारखी झाली. ओट्यावरचा ट्रे १९ दिवसांनी, तंबूतला १० दिवसांनी. आणि चुलीमागचा? आठ. आई त्या दिवशी काही बोलली नाही, फक्त ट्रे उचलून माझ्या टेबलावर ठेवून गेली. उगवायला या बियाण्याला उजेड लागत नाही, ऊब लागते, आणि घरातली सगळ्यात उबदार जागा तिला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. पहिला कोंब दिसताच ट्रे उजेडात काढावा लागतो, नाहीतर रोपं लांबुळकी होतात. पण त्यासाठी साडेचार हजार कशाला?

तंबूतल्या रोपांची एक गोष्ट मला आधी कळलीच नाही. सकाळी आतल्या कापडावर दव साचतं, दहाच्या सुमाराला थेंब गळू लागतात, आणि ते बरोबर ट्रेवर. उगवल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी एका कोपऱ्यातली अकरा रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. आपली नेहमीची रोपमर. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुश्यात, ट्रायकोडर्मा ही रोग रोखणारी बुरशी मिसळली होती, तरी. त्यानंतर छताखाली एक जुनी ओढणी तिरपी बांधली, थेंब बाजूला ओघळू लागले आणि मर थांबली. तुमच्याकडे असा तंबू असेल तर एवढं आजच करा.

जानेवारीअखेर टोमॅटो बाहेर लागले, तंबूत ढोबळीच्या आठ कुंड्या राहिल्या. २० फेब्रुवारीला दुपारी चारला पश्चिमेकडून अंधारून आलं. अवकाळीचं आपल्याकडे नवल नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथे अजून कोणी विसरलेलं नाही. मी चेन ओढायला धावलो, ती अर्ध्यात अडकली. वारा आत शिरला आणि छप्पर पतंगासारखं फुगलं. ताशी ६० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला सुमारे सतरा किलोचा रेटा देतो. या तंबूची एक बाजू पावणेतीन चौरस मीटरची, म्हणजे अठ्ठेचाळीस किलो. तंबूचं स्वतःचं वजन सहा-सात किलो. राहिल्या खुंट्या. फेब्रुवारीत आमची काळी माती वाळायला लागते, भेगा पडतात आणि वीतभर खुंटी बोटाने हलते. मी सब्बलने हातभर खड्डे करून गिट्टी ठोकायला हवी होती. आळस केला.

तंबू कुंपणावरून गेला आणि काकाजींच्या हरभऱ्याच्या ढिगावर बसला. पाऊस थांबल्यावर ते स्वतःच घेऊन आले. "घे, तुही मच्छरदाणी. हरभरा झाकाले बरी होती." खरंच, ढिगाचा तेवढा भाग कोरडा राहिला होता.

आठपैकी पाच सांधे फुटले, दोन नळ्या वाकल्या. कापड दाराजवळ फाटलं, आणि फाटलं ते बघून माझा निर्णय झाला. कडेला बोटाने चोळलं तर पापुद्रे सुटत होते. भाच्याच्या गच्चीवरचे दोन उन्हाळे आणि माझ्याकडचे तीन महिने, एवढ्यातच ते पापडासारखं झालं. पॉलीहाऊसला वापरतात तो २०० मायक्रॉनचा, उन्हाला टिकणारा प्लास्टिकचा पेपर चौरस मीटरला १८५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि साधारण तीन वर्षं चालतो. याच्या खोक्यावर १४० ग्रॅम लिहिलंय, त्यात जाळीही आली.

भाच्याला दोन हजार दिले. तो नको म्हणत होता, पण वस्तू माझ्या हातून गेली. सांगाडा आता माझा.

तेव्हा नवीन तंबू घेणार नाही. चिखलदऱ्याला राहत असतो तर कदाचित घेतला असता, तिथे कॉफीची झाडं वाढतात, थंडीही वेगळी. नागपुरात तीन बाजूंनी भिंत असलेली गच्ची असेल आणि दहा वाजता दार उघडायला घरी कोणी असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालून जाईल. उघड्या वाडीत नको. मार्चपासून तर तो नुसती भट्टी. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ झालं होतं, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागायच्या आधीच. तसल्या दिवशी त्या कापडाखाली कुंडी ठेवायची कल्पनाही करवत नाही.

सांगाड्याचं काम सुरू आहे. सांध्यांच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि तार. वाकलेल्या नळ्यांच्या जागी बांबू. चारही पाय गिट्टीच्या खड्ड्यात, या वेळी हातभर खोल. वर ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट, ती २ मार्चला आली. ३ मार्च, दुपारी दोन: बाहेर हवा ३५, आत ३४.५. कुंडीतल्या मातीचा वरचा थर बाहेर ४९, आत ३८. हवेत फरक नाहीच, मातीत अकरा अंश.

४ मार्च, सकाळी सात: दोन वांदरं छतावर बसलेली. जाळी फाटली नाही. मधोमध झोळी झाली आहे, आज आडवा बांबू टाकतो.