रोज त्याच झाडाखाली बंद पडणारा ट्रॅक्टर

तक्रार अशी होती की ट्रॅक्टर रोज सकाळी बांधावरच्या एकाच झाडाखाली बंद पडतो. ड्रायव्हर हे अगदी गंभीरपणे सांगत होता. मालकांचा आधी विश्वास बसला नव्हता, पण दोन-तीन सकाळी स्वतः उभं राहून पाहिल्यापासून तेही त्या झाडाकडे जरा जपूनच बघत होते.

तोवर बरंच काही बदलून झालं होतं. डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे, टाकीतून डिझेल खेचणाऱ्या फीड पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) नवा, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल उतरवून तपासून आणलेले आणि शेवटी नोझलला जोराने डिझेल पुरवणारा इंजेक्शन पंपही कॅलिब्रेशनची, म्हणजे माप जुळवण्याची, वारी करून आलेला. गंमत म्हणजे यातली प्रत्येक दुरुस्ती लागू पडली होती. काम झालं, एअर (डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा) काढली, सेल्फ मारला की इंजिन लगेच सुरू. मग मागे रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती उकरणारं अवजार) लावून शेतात घातला की २० मिनिटांनी बंद. परत एअर काढली की अर्धा तास चालायचा, पुढच्या वेळी पाऊण तास, दुपारनंतर तासाच्याही वर. त्यामुळे ज्याने त्याने संध्याकाळी ‘हळूहळू लाइनीवर येतोय’ असं सांगून हत्यारं आवरली होती. सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरायची, की पुन्हा २० मिनिटांत तेच झाड.

मी पाना बाहेर न काढता आधी तो बंद पडू दिला. स्टॉपच्या वायरचा किंवा केबलचा घोटाळा असता तर इंजिन झटकन मेलं असतं. एअर फिल्टर चोंदला असता तर काळा धूर ओकला असता. इथे आवाज बसत गेला, आरपीएम दोन-तीनदा वरखाली झाले, धूर विरळ होत होत संपला आणि मग इंजिन शांत झालं. म्हणजे डिझेल पोचत नव्हतं. फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल केला तर डिझेलऐवजी नुसता फेस. आधीचे सगळे इथेच फसले होते. फेस दिसला की ‘एअर घेतोय’ म्हणायचं आणि जॉइंट आवळत सुटायचं.

पण २०, ३०, ४५ हे आकडे डोक्यातून जात नव्हते. सैल जॉइंट घड्याळ लावून एअर घेत नाही. ड्रायव्हरला विचारलं, बंद पडल्यावर पहिलं काय करतोस? म्हणाला, डिझेल आहे का बघतो. म्हणजे टाकीचं झाकण उघडतो. मग ते माझ्यासमोर उघडायला लावलं. झाकण अर्धं फिरताच ‘फुस्स’ असा आवाज झाला आणि ड्रायव्हर हात झटकून मागे सरला. झाकणाखाली प्लास्टिकची जाड पिशवी दुहेरी घडी करून बसवलेली होती. टाकीच्या बाजूला ती वाटीसारखी ताणली गेली होती. झाकणाचा वायसर हरवल्यामुळे पावसाचं पाणी आत जायचं, म्हणून कुणीतरी ही सोय केलेली. पाणी थांबलं खरं, पण झाकणातलं हवा घेण्याचं भोकही बुजलं.

आता हिशोब बघा. ५० लिटरची टाकी, गळ्यापर्यंत भरली तरी वर साधारण ४ लिटर हवा राहते. रोटाव्हेटरच्या लोडवर हा ट्रॅक्टर तासाला ६ लिटरच्या आसपास पितो, म्हणजे २० मिनिटांत २ लिटर. बाहेरून हवा येत नाही, तेव्हा तीच ४ लिटर हवा ६ लिटरच्या जागेत पसरते आणि टाकीतला दाब दोन तृतीयांशावर येतो. तेवढ्या ओढीविरुद्ध फीड पंपाला डिझेल खेचता येत नाही. झाकण उघडलं की दाब भरून निघतो, पण आता टाकीत हवाच ६ लिटर. तेवढीच ओढ तयार व्हायला ३ लिटर जळावे लागतात, म्हणजे अर्धा तास. मग ९ लिटर हवा, साडेचार लिटर डिझेल, पाऊण तास. शाळेत बॉइलचा नियम पाठ करताना तो शेतात भेटेल असं कुणाला वाटतं? आणि झाडाचं म्हणाल, तर रोज त्याच कोपऱ्यातून, भरल्या टाकीने, त्याच गिअरमध्ये निघायचं म्हटल्यावर २० मिनिटांनी दुसरीकडे पोचणार तरी कसा!

पिशवी काढली, झाकणातलं भोक बारीक तारेने मोकळं केलं, नवा वायसर टाकला. फेसही खोटा नव्हता. टाकी ओढत असताना फीड पंपाच्या येणाऱ्या बाजूचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) हवा घेत होता, कारण तिथले तांब्याचे वायसर वारंवार खोलून-आवळून कडक झालेले. नवे नसतील तर तेच लालबुंद तापवून पाण्यात टाकावेत, मऊ होतात. मग एअर काढली: आधी पहिल्या फिल्टरचा स्क्रू, नंतर दुसऱ्याचा, मग इंजेक्शन पंपाचा, प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबेपर्यंत फीड पंपावरचा हातपंप मारून लगेच आवळायचं. हातपंप ढिला लागला तर पंप खराब समजू नये, आतला कॅम (पंपाला ढकलणारा फिरता उंचवटा) चढलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवलं की दांडा दाब धरतो. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा. तिथे गळती बोटाने चाचपू नये, कारण चालू इंजिनाची ती धार कातडीत घुसते. पुठ्ठा धरावा.

टाकी मुद्दाम गळ्यापर्यंत भरून ट्रॅक्टर शेतात घातला. इंजिन एकसारखं चाललं होतं, पण मागे रोटाव्हेटर माती उकरायचं सोडून उड्या मारत ट्रॅक्टरला पुढे ढकलत होता. ट्रॅक्टर उभाच आहे तर पाती बदलून घेऊ, म्हणून ड्रायव्हरने आदल्या दिवशी नवी पाती बसवली होती आणि त्यात डाव्या-उजव्यांची अदलाबदल झाली होती. धारेने मातीत शिरायचं सोडून पातं पाठीने आपटत होतं. ३६ पाती, प्रत्येकाला दोन बोल्ट, म्हणजे ७२.

पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) बंद, चावी खिशात, रोटाव्हेटर उचलून खाली लाकडी ठोकळे. हे सगळं त्याच झाडाखाली, कारण आसपास सावली तेवढीच होती. बांधावरून मालक ओरडले, “आजपण तिथंच?”