जॅक केलींनी हेन्लीचा सूड उगवला का?

रोइंगवर, म्हणजे नाव वल्हवण्याच्या शर्यतींवर, लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न ठरलेला असतो. इंग्लंडमधल्या हेन्लीच्या शर्यतीत एका अमेरिकन गवंड्याला ‘हातानं काम करतो’ म्हणून घेतलं नाही आणि त्यानं ऑलिंपिकमध्ये इंग्रजाला हरवून सूड घेतला, हे खरं का? तुम्हीही तेच विचारलंत. उत्तर असं, की हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात जॅक केली नावाचा धंदेवाला, सैनिक, खेळाडू आणि बाप झाकला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जॉन ब्रेंडन केली, सगळ्यांचे जॅक, यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८८९ रोजी फिलाडेल्फियात झाला. आयर्लंडहून आलेल्या जोडप्याच्या दहा मुलांपैकी ते एक. शाळा लवकर सुटली आणि थोरल्या भावाच्या, पॅट्रिकच्या, बांधकामावर ते वीटकाम शिकले. दिवसभर काम आणि उरलेल्या वेळात स्कूलकिल नदीवर वल्ही, असा क्रम. क्लब होता व्हेस्पर. हे नाव लक्षात ठेवा, कारण हेन्लीचं अर्धं कोडं त्यातच आहे.

१९२० मध्ये केलींनी हेन्लीच्या ‘डायमंड स्कल्स’ या एकेरी शर्यतीसाठी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. आयोजकांच्या इतिवृत्तात कारणं दोन आहेत. पहिलं व्हेस्परचं. १९०५ साली या क्लबची आठ जणांची नाव हेन्लीला आली होती, ती लोकवर्गणीच्या पैशावर. हौशी, म्हणजे पैशासाठी न खेळणाऱ्या, खेळाडूंच्या नियमात ते बसत नव्हतं. तेव्हा जून १९०६ मध्ये आयोजकांनी ठराव केला, की यापुढे व्हेस्परचा एकही अर्ज स्वीकारायचा नाही. केलींचा अर्ज आधी या ठरावाखाली गेला. दुसरं कारण त्याखाली जोडलेलं आहे: अंगमेहनतीचं काम करणारा हौशी ठरत नाही, हा नियम. कारागीर, मजूर, यंत्रावर काम करणारा, सगळेच त्या नियमानं बाहेर.

म्हणजे गवंडी नसते तरी त्या वर्षी केलींना प्रवेश नव्हताच. पण दुसरं कारण खोटंही नव्हतं, आणि माझ्या मते तेच जास्त लाजिरवाणं होतं. क्लबच्या चुकीचं खापर एका खेळाडूवर फोडणं अन्याय्य खरं, पण निदान त्यामागे काही घडलेलं होतं. माणूस कष्ट करतो म्हणून तो खेळायला अपात्र, यामागे वर्गाचा अहंकार सोडून काहीच नव्हतं. हे कलम १९३७ मध्ये गेलं. विजयानंतर केलींनी आपली घामट टोपी इंग्लंडच्या राजाला पाठवली, ही गोष्ट लोक चवीनं सांगतात. मी इतिवृत्तावर भर देतो.

आता शर्यत. ऑलिंपिक अँटवर्पचं असलं तरी रोइंग झालं ब्रसेल्सजवळच्या कालव्यात, ऑगस्ट १९२० च्या अखेरीस. एकेरीच्या अंतिम फेरीत समोर होते जॅक बेरेसफर्ड, त्याच वर्षी डायमंड स्कल्स जिंकलेले. केलींची वेळ ७ मिनिटं ३५ सेकंद, बेरेसफर्डची ७ मिनिटं ३६. एक सेकंद ऐकायला किती, हे पाण्यावर मोजून पाहा. २००० मीटर ४५५ सेकंदांत म्हणजे सेकंदाला साधारण ४.४ मीटर. एकेरी नाव आठेक मीटर लांब असते. साडेसात मिनिटांहून जास्त वेळ जीव तोडल्यावर फरक पडला तो अर्ध्या नावेचा.

आणि सुमारे अर्ध्या तासानं ते पुन्हा पाण्यात उतरले, दुहेरीसाठी, चुलतभाऊ पॉल कॉस्टेलोबरोबर. ‘हे कसं जमलं?’ हा खरा तर जास्त चांगला प्रश्न आहे, पण तो कुणी विचारत नाही.

स्कलिंगमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही आणि खाली सरकती बैठक असते. पातं पाण्यात गेलं की आधी पाय ढकलतात, मग पाठ उघडते, हात सर्वांत शेवटी ओढतात. दमलेला माणूस हा क्रम मोडतो. पाय जड झाले की तो हातांनी आधी ओढू लागतो, कोपरापुढचे हात दगडासारखे होतात, मूठ आवळली जाते. आवळलेल्या मुठीत वल्हं नीट वळत नाही, पातं पाण्यातून स्वच्छ निघत नाही, आत अडकतं आणि वल्ह्याची मूठ पोटावर आदळते. याला ‘क्रॅब’ म्हणतात. एक क्रॅब आणि अर्ध्या नावेची आघाडी गेली.

दोन किलोमीटरच्या शर्यतीत बरीचशी ऊर्जा श्वासातल्या ऑक्सिजनवर मिळते. पण सुरुवातीचे जोरकस फटके आणि शेवटचा रेटा त्याच्या पलीकडचा असतो. त्यातून स्नायूंत साठलेला भार अर्ध्या तासात पूर्ण उतरत नाही. हलकं वल्हवत राहिलं तर लवकर उतरतो, काठावर निपचित पडलं तर उशिरा. शिवाय दुहेरीत दोघांची चारही पाती एकाच क्षणी पाण्यात पडावी लागतात. दमलेल्याचं पातं किंचित उशिरा पडतं, नाव कलते आणि जोडीदाराचा फटकाही वाया जातो.

केली-कॉस्टेलो जोडीची वेळ ७ मिनिटं ९ सेकंद. दुसऱ्या आलेल्या इटलीची ७ मिनिटं १९. दहा सेकंद म्हणजे जवळपास ४५ मीटर. थकलेल्या माणसासह एवढं अंतर पडतं तेव्हा दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. कॉस्टेलो एकेरीत उतरले नव्हते, ते ताजे होते आणि स्वतः अव्वल होते: १९२०, १९२४ आणि १९२८, तीन ऑलिंपिकमध्ये दुहेरीचं सुवर्ण त्यांचं आहे. दुसरं, दुहेरीतली चुरस एकेरीपेक्षा बरीच कमी होती. केलींचा मोठेपणा यानं कमी होत नाही. खरी लढाई कुठली ते मात्र कळतं. १९२४ ला पॅरिसमध्ये हीच जोडी पुन्हा जिंकली. तिथे एकेरीत केली उतरले नाहीत आणि ते सुवर्ण बेरेसफर्डनी घेतलं.

वीटकामाचा फायदा झाला का? माझा अंदाज, मुठीला आणि कोपरापुढच्या हातांना नक्की झाला. दिवसभर एका हातात थापी आणि दुसऱ्यात वीट, तेही पकड न आवळता, हे तंत्र वल्ह्यावर थेट कामी येतं. पायांचा जोर मात्र नदीवरच कमवावा लागतो.

या ऑलिंपिकच्या आधी पहिलं महायुद्ध होतं. केली साधे शिपाई म्हणून अमेरिकी सैन्यात गेले आणि लेफ्टनंट होऊन बाहेर पडले. सैन्यातल्या हेवीवेट मुष्टियुद्धात ते लागोपाठ बारा लढती जिंकले, मग घोटा मोडला. ऑलिंपिकमधलं दोन्ही शर्यतींचं यश या मोडलेल्या घोट्यानंतरचं आहे, आणि रोइंगमध्ये प्रत्येक फटका फळीवर टेकवलेल्या पावलातूनच सुरू होतो.

जॉर्ज आणि वॉल्टर या भावांच्या पैशाची मदत घेऊन त्यांनी स्वतःची कंपनी काढली. ‘वीटकामासाठी केली’ ही तिची जाहिरात. या धंद्यात माणूस बुडतो तो बहुधा अंदाजपत्रकात. एकेरी जाडीच्या भिंतीला चौरस फुटामागे साधारण ७ विटा धरतात. त्यावर फूटतूट, विटा जोडायचा मसाला, परांची, मजुरी. खिडक्या, कोपरे, कमानी आल्या की तेवढ्याच विटांना वेळ जास्त लागतो. ज्यानं नुसत्या विटा मोजून बोली लावली त्याचा नफा कोपऱ्यांत जातो. थंडीत मसाला गोठला तर काम थांबतं, देणी थांबत नाहीत. केलींनी स्वतः विटा रचल्या होत्या, हे त्यांचं खरं भांडवल. ज्या कामामुळे हेन्लीनं त्यांना कमी लेखलं, त्याच कामावर त्यांनी लाखोंची संपत्ती उभी केली, आणि हेन्री ॲव्हेन्यूवर आपलं विटांचं घर.

राजकारण थोडक्यात: १९३५ मध्ये डेमोक्रॅट म्हणून फिलाडेल्फियाच्या महापौरपदासाठी उभे राहिले, पडले. दुसऱ्या महायुद्धात रूझवेल्टनी त्यांच्याकडे देशाच्या शारीरिक तंदुरुस्तीचं काम सोपवलं.

घरात पत्नी मार्गारेट आणि चार मुलं: पेगी, जॉन, ग्रेस, लिझॅन. ग्रेस म्हणजे ऑस्कर मिळवणारी आणि १९५६ मध्ये मोनॅकोच्या सत्ताधारी प्रिन्सशी लग्न करणारी ग्रेस केली. यश पेगीला मिळेल अशी आपली अपेक्षा होती, हे वडिलांनी जाहीरपणे बोलून दाखवलं. ते प्रेमळ बाप होते, पण मुलांना आपल्याच मापानं मोजत, असं मला वाटतं. जॉनला लहानपणापासून वल्ह्यावर बसवलं. त्यानं १९४७ आणि १९४९ मध्ये हेन्लीला डायमंड स्कल्स जिंकली. सूड म्हणायचाच तर तो इथे आहे, आणि त्याची किंमत मुलानं मोजली. जॉन चार ऑलिंपिक खेळला. वडिलांना हवं असलेलं सुवर्ण आलं नाही, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये एकेरीचं कांस्य आलं.

जॅक केली २० जून १९६० रोजी गेले. फिलाडेल्फियात स्कूलकिलच्या काठी ‘केली ड्राइव्ह’ नावाचा रस्ता आहे, तो त्यांच्या नावाचा समजला जातो. तो मुलाच्या नावाचा आहे, १९८५ मध्ये तो वारल्यावर दिलेला. वडिलांचा पुतळा त्याच रस्त्यालगत शर्यतीच्या प्रेक्षागृहाजवळ आहे. नावेत बसलेले, दोन्ही हातांत वल्ही.