भात थंड होईपर्यंत

टोकियोलगतच्या सायतामा प्रांतातील एका बेंतो, म्हणजे जपानी जेवणाचे डबे, बनवणाऱ्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासनीस म्हणून काम करते. आमचे डबे पहाटे भरले जातात आणि दुपारी कार्यालयांत, बांधकामांवर व एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी उघडतात. बेंतोचे सारे कसब मला या मधल्या तासांत दिसते. जपानी आखूड दाण्याच्या तांदळात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार कमी असल्याने त्याचा भात गार झाल्यावरही मऊ राहतो. तोच फ्रिजमध्ये कडक होतो, म्हणून भाताचे डबे साधारण 20 अंशांवर ठेवले जातात. पदार्थ रस न सुटणारे निवडतात आणि चव जरा ठळक ठेवतात, कारण गार अन्न जिभेला फिके लागते. मधोमध बसवलेले उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ जिवाणूंना अटकाव करते खरे, पण केवळ आपल्या आसपासच.

उन्हाळ्यातील एका दमट रात्री भात गार करणारे व्हॅक्यूम कूलर बंद पडले. हवेचा दाब कमी करून भातातील वाफ, आणि तिच्याबरोबर उष्णता, काही मिनिटांत काढून घेणारे हे यंत्र आहे. शिजलेले अन्न अर्ध्या तासात 20 अंशांच्या जवळ आणावे, असे आमचे नियम सांगतात. विक्री विभागातील तरुणाचे म्हणणे होते की डबे भरून पाठवू, वाटेत गार होतील. मला ते मान्य नव्हते. गरम भातावर झाकण लावले की आत पाणी सुटते, आणि कोमट, ओलसर भातात स्टॅफिलोकोकस हा जिवाणू वाढला, तर त्याचे विष नंतर मायक्रोवेव्हमध्ये तापवूनही जात नाही. 2023 च्या सप्टेंबरात उत्तर जपानमधील हाचिनोहे येथील एका कारखान्याच्या, रेल्वे प्रवासासाठीच्या जेवणाच्या डब्यांनी 500 हून अधिक लोकांना विषबाधा झाली. बाहेरून आणलेला भात ठरल्यापेक्षा गरम पोहोचला होता, हे त्यानंतर पुढे आले. ते प्रकरण आमच्या प्रत्येकाच्या मनात ताजे होते.

निर्णय मात्र भरणी विभागाच्या प्रमुख बाईंनी घेतला. साठी ओलांडलेल्या या बाईंनी मोठ्या आवाजात एक शब्दही न उच्चारता पट्टा थांबवला, भात उथळ ट्रेंमध्ये बोटभर जाडीने पसरवला आणि भाज्यांच्या शीतगृहात हलवला. मी प्रत्येक ट्रेच्या मध्यभागी तापमापी खुपसत होते. वेळेत न उतरलेला भात त्यांनी स्वतः टाकून दिला. इतका भात टाकताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता, पण हात थांबले नाहीत.

उरलेला भात बांधकामांच्या डब्यांसाठी राखला, कारण तिथे दुसरी सोय नसते. वृद्धांना फक्त भाज्या, मासा आणि अंडे पाठवले. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी राइस कुकर असतो आणि काहीजण एरवीही भाताविना डबा मागवतात. कार्यालयांच्या मागण्या आम्ही दूरध्वनी करून रद्द केल्या, पैसे परत केले, आणि पुष्कळ जणांची रास्त नाराजी ऐकून घेतली.