भाडेकरू वारला तर घरमालकाने काय करायचं (आणि काय अजिबात करू नये)

भाडेकरू गेल्याची बातमी आली की दुःख वगैरे होतंच, पण पाठोपाठ डोक्यात येतं की आता घराचं काय, सामान कोण नेणार, भाडं कोण देणार. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, घर तुमचं आहे. फक्त घर तुमचं असलं तरी आतलं सगळं त्यांचं आहे, आणि माणूस गेला म्हणून ते तुमचं होत नाही. बहुतेक सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

पहिला गैरसमज म्हणजे माणूस गेला की करार संपला. बऱ्याच देशांत असं होत नाही. जर्मनीत सोबत राहणारा नवरा किंवा बायको आपोआप करारात येते, आणि सोबत राहणारं कुणीच नसेल तर करार वारसाकडे जातो, मग वारस किंवा मालक कुणालाही तो संपवायची नोटीस द्यायला एक महिना मिळतो. इंग्लंडमध्ये करार मृताच्या इस्टेटीचा भाग होतो, आणि कारभार बघायला अजून कुणी नेमलं गेलं नसेल तर नोटीसची प्रत पब्लिक ट्रस्टी नावाच्या सरकारी अधिकाऱ्यालाही पाठवावी लागते. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 1985 मध्ये ग्यान देवी आनंद खटल्यात सांगितलं की दुकानाची भाडेदारीसुद्धा वारसांकडे जाते. लिव्ह अँड लायसन्सचं वेगळं, ती त्या माणसाला दिलेली परवानगी असते, वारसाला मिळत नाही, पण सामान तरी वारसांचंच ना. म्हणून आधी आपला कागद काढून वाचा आणि वकिलाला एक फोन करा, तो खर्च वाया जात नाही.

एकटा राहणारा माणूस घरातच गेलेला सापडला तर कशालाही हात लावू नका. दार आतून बंद असेल, फोन उचलत नसेल, तर स्वतः कुलूप फोडायच्या आधी पोलिसांना बोलवा आणि त्यांच्यासमोरच दार उघडा. डॉक्टर, पंचनामा, गरज पडली तर पोस्टमॉर्टेम, हे सगळं होऊन पोलीस हो म्हणेपर्यंत ती खोली तुमची नाही असंच समजायचं. कुणी म्हणेल निदान पसारा तरी आवरून ठेवा, तर तेही नको.

मग येतात किल्ली मागणारे. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका भाड्याने राहायचे, एकटेच, ते गेल्यावर पुतण्या आला, एक जुना मित्र आला, आणि एक बाई आल्या ज्यांना पुतण्या ओळखतच नव्हता, आणि तिघांचंही म्हणणं एकच की दहा मिनिटं आत जाऊ द्या, फक्त काही कागद घ्यायचेत. आई दारात उभी राहून सगळ्यांना एकच सांगत होती, वारसाचा कागद आणा मग दार उघडते. तेव्हा ती सगळ्यांना खडूस वाटली असेल, पण नंतर पुतण्यानेच तिचे आभार मानले, कारण कपाटात एफडीच्या पावत्या होत्या. खरंच काही तातडीचं हवं असेल, म्हणजे आधार कार्ड किंवा अंत्यविधीचे कपडे, तर शेजारच्या दोघांना सोबत घेऊन तेवढंच काढून द्यायचं आणि सही घ्यायची.

सामानाची यादी मात्र लवकर करा, साक्षीदारांसमोर, व्हिडिओ काढत. गॅस बंद करा, फ्रीजमधलं नासणारं काढा, मांजर किंवा कुत्रा असेल तर आधी त्याची सोय लावा. मोबाईल सापडला तर नीट चार्ज करून बाजूला ठेवा, स्वतः उघडत बसू नका, वारसांची अर्धी कामं त्यावर येणाऱ्या ओटीपीवर अडतात. आणि भाडं थकलंय म्हणून टीव्ही ठेवून घेऊ असा विचार मनात आला तर तिथेच थांबा, मृताची मालमत्ता अप्रामाणिकपणे लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 315 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

थकबाकी मागायची ती मृताच्या मालमत्तेतून, मुलाच्या पगारातून नाही, त्याने स्वतः जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. डिपॉझिटमधून काय कापलं त्याचा लेखी हिशोब द्या. दोन भाऊ भांडत असतील तर उरलेली रक्कम एकाच्या हातात देऊ नका, दोघांची सही घ्या नाहीतर कोर्टाचा कागद येईपर्यंत थांबा. बँकेला मृत्यू कळला की खातं अडतं, म्हणजे ऑटो पेमेंटने येणारं भाडंही थांबतं, तेव्हा लगेच मुद्दाम बुडवतायत असा अर्थ काढू नका.

मृत्यू उशिरा लक्षात आला असेल तर साध्या फिनेलने भागत नाही, वास गादीत, लाकडात, फरशीच्या सांध्यांत मुरतो, त्यासाठी अनुभवी माणसंच लागतात. पुढच्या भाडेकरूला सांगायचं का, हा प्रश्न जपानमध्ये इतका पेटला की 2021 मध्ये सरकारने मार्गदर्शक सूचनाच काढल्या, नैसर्गिक मृत्यू सांगायची गरज नाही, पण आत्महत्या, खून किंवा खास सफाई करावी लागलेला मृत्यू असेल तर भाड्याच्या घरात साधारण तीन वर्षं सांगायचं. मला विचाराल तर कुणी थेट विचारलं की खरं सांगून टाकावं, शेजारी सांगणारच आहेत.

आणि या सगळ्या कटकटीला घाबरून म्हाताऱ्या माणसांना घरच द्यायचं नाही असं काही मालक ठरवतात, ते मला अजिबात पटत नाही, मरायला वय लागतं असं थोडीच आहे. त्यापेक्षा करार करतानाच दोन जवळच्या माणसांची नावं, फोन नंबर लिहून घ्या, आणि सामान कुणाच्या ताब्यात द्यायचं तेही विचारून ठेवा, दरवर्षी रिन्यूअलच्या वेळी नंबर चालू आहेत का बघा.

शेवटी ताबा घेताना वारसांकडून लिहून घ्या की सामान मिळालं, घर मोकळं केलं, डिपॉझिटचा हिशोब मान्य आहे. मीटरच्या रीडिंगचा फोटो त्यालाच जोडा. जाहिरात त्यानंतर टाका.