कँटन फेअरला पहिल्यांदा जाताना आम्ही काय काय खोडलं

गेल्या ऑक्टोबरात मी आणि दादा पहिल्यांदा कँटन फेअरला, म्हणजे चीनमधल्या ग्वांगझूच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला, जाऊन आलो. तेव्हापासून धंद्यातले तीन-चार जण फोन करून विचारतायत की तयारी काय करायची गं, आणि प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी तारखांचं. ग्वांगझूला हे प्रदर्शन वर्षातून दोनदा भरतं, वसंतात आणि शरदात, पण प्रत्येक वेळी ते एक नसतं, तीन असतात. शरदातली पहिली फेज १५ ते १९ ऑक्टोबर, दुसरी २३ ते २७, तिसरी ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. मधल्या तीन-चार दिवसांत अख्खे हॉल रिकामे होतात आणि वेगळ्या धंद्याचे लोक येऊन बसतात. आमचं काम किचनवेअरचं. दादाने कुठेतरी वाचलं की फेअर १५ ला सुरू होतं, झालं, याने १४ चं तिकीट काढायला घेतलं, दोघांचे पासपोर्ट नंबर भरून पेमेंटच्या पानापर्यंत पोचला सुद्धा. मी शेजारी बसून फेअरच्या साइटवर कॅटेगरीची यादी बघत होते, तर किचनवेअर दुसऱ्या फेजमध्ये! "दादा थांब, थांब, बटण दाबू नकोस!" पहिल्या फेजमध्ये मशिनरी, वॉशिंग मशीन, दिवे, हत्यारं असला माल असतो, म्हणजे आम्ही पाच दिवस ड्रिल मशीन बघत हिंडलो असतो. तर तिकिटाच्या आधी कॅटेगरी बघा, आणि हॉटेल तिकिटाबरोबरच बुक करा कारण फेअरच्या दिवसांत भाव कुठल्या कुठे जातात. रजिस्ट्रेशन आणि व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र ऑनलाइनच होतं, त्यात काही अवघड नाही, फक्त शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आता खरा मुद्दा. दादाचं म्हणणं होतं, "अगं एवढं लांब चाललोय तर सगळं बघून घेऊ ना." मी कागद-पेन घेऊन बसले. जागा १५ लाख चौरस मीटर, स्टॉल सत्तर हजारांच्या वर, तीन फेजमध्ये वाटले तरी एका वेळी वीस हजारांच्या पुढे. एका स्टॉलला दहा मिनिटं धरली, दिवसाचे सात तास, की झाले ४२ स्टॉल. पाच दिवसांत २१०. म्हणजे जेवण, चहा, रस्ता चुकणं काहीही न धरता जेमतेम एक टक्का! यावर दादा गप्प बसला. (तो गप्प बसणं ही आमच्याकडे बातमी असते.)

तेव्हा आमची तयारी म्हणजे मुख्यतः खोडाखोड होती. साइटवर प्रॉडक्टचं नाव टाकून शोधलं की कंपन्या येतात आणि त्यांचे स्टॉल नंबरही. आम्ही पहिल्या झटक्यात नव्वदेक नावं काढली. मग एकेक कंपनीचं पान उघडून बघायला लागलो. ज्याच्याकडे कढईपासून छत्रीपर्यंत सगळं आहे तो बहुतेक कारखानदार नसतो, ट्रेडर असतो, ते खोडले. सगळे नाही हं! ट्रेडरचा भाव जास्त असतो पण तो बऱ्याचदा कमी नग द्यायला तयार होतो, पाच वस्तू मिळून एक कंटेनर भरून देतो, आणि आमच्यासारख्या लहान लोकांना कारखान्याचा एमओक्यू (म्हणजे कमीत कमी किती नग घ्यावेच लागतात तो आकडा) झेपतच नाही, त्यामुळे चार-पाच ट्रेडर मुद्दाम ठेवले. मग "बघायला काय जातंय" वाली नावं. काचेची भांडी, मेणबत्त्या, भेटवस्तूंचे सेट. आपण विकत नाही, विकणारही नाही, खोड. एका सिलिकॉनच्या साच्यांवरून दादाशी अर्धा तास वाद झाला, शेवटी ते राहिले. यादी चाळीसवर आली.

मग ती हॉलप्रमाणे लावली. स्टॉल नंबर पहिल्यांदा बघितला की काही कळत नाही, पण सोपं आहे: आधी हॉल, मग टिंबानंतर मजला, मग ओळीचं अक्षर, मग स्टॉल. ३.२ डी १८ असेल तर तीन नंबरचा हॉल, दुसरा मजला, डी ओळ, अठरावा स्टॉल. हॉलसुद्धा ए, बी, सी, डी अशा चार भागांत आहेत आणि एका भागातून दुसऱ्यात चालत जाणं म्हणजे एक छोटी यात्राच, त्यामुळे सकाळी ए, दुपारी डी, परत ए असं केलंत तर दिवस चालण्यातच जाईल. बुटांबद्दल वेगळं लिहीत नाही, नवे घालू नका एवढंच.

दुसरी तयारी प्रश्नांची. आम्ही वहीत प्रत्येक स्टॉलला एक पान ठेवलं आणि वर आधीच छापल्यासारखं लिहून ठेवलं: एमओक्यू किती, लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल तयार व्हायला लागणारा वेळ) किती, सॅम्पलचे पैसे ऑर्डरमध्ये वळते होणार का, आणि भाव कुठपर्यंतचा. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. एफओबी म्हणजे माल त्यांच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी त्यांची, एक्स वर्क्स म्हणजे कारखान्याच्या दारातून पुढे सगळं तुमच्या डोक्यावर. एकाने एक सांगितला, दुसऱ्याने दुसरा, आणि तुम्ही नुसते आकडे शेजारी मांडलेत की स्वस्त वाटणाराच शेवटी महाग पडतो. आणि हो, रिकामी बॅग घेऊन खरेदीला निघू नका. इथे असतो तो नमुना, माल ऑर्डरवर येतो. ही नमुन्याची पद्धत जर्मनीतल्या लाइप्झिगने १८९५ च्या सुमारास रुळवली म्हणतात, त्याआधी व्यापारी गाड्या भरून मालच आणायचे.

चूक झाली ती व्हिजिटिंग कार्डांत. चांगली दिसावीत म्हणून चकचकीत छापून घेतली. दुसऱ्याच स्टॉलवरच्या बाईने आमचं कार्ड घेतलं, मागे काहीतरी लिहायला गेली आणि बॉलपेन नुसतं घसरत राहिलं, तिने दोनदा गिरवलं, अंगठ्याने सगळं फिसकटलं, मग हसून कार्ड बाजूला ठेवलं. आम्ही कोण, कसली कढई विचारली, हे तिला संध्याकाळी कसं आठवणार? साधी मॅट कार्डं छापा, मागची बाजू कोरी ठेवा.

फोटोचं पण शिस्तीत करा. आधी स्टॉलच्या नावाची पाटी, मग वस्तू, मग त्यांचं कार्ड, नेहमी याच क्रमाने. पहिल्या दिवशी आम्ही नुसत्या वस्तूंचे फोटो काढले आणि रात्री हॉटेलात बसून अकरा सारख्याच दिसणाऱ्या तव्यांकडे बघत राहिलो.

फोनची तयारी घरूनच. तिथे सगळा संवाद वीचॅटवर, म्हणजे त्यांच्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर, आणि नवीन खातं उघडताना कधीकधी आधीच वीचॅटवर असलेल्या माणसाकडून पडताळणी मागतात, तर तो माणूस निघायच्या आदल्या रात्री शोधत बसू नका. पैशांसाठी अलीपे या तिथल्या पेमेंट ॲपला आपलं बँकेचं कार्ड जोडून घ्या. तिथल्या नेटवर व्हॉट्सॲप, गुगल चालत नाही, पण आपल्या सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं की चालतं, आम्ही तेच केलं.

चाळीसपैकी एकतीस स्टॉल झाले आमचे. रस्त्यात दिसले म्हणून शिरलेले सहा वेगळे, त्यातले चार दादाचे. सध्या ज्यांच्याशी बोलणी चालू आहेत ते तीनही यादीतलेच, आणि त्यातला एक साच्यांवाला आहे, हे दादा दर दोन दिवसांनी ऐकवतो.

आणि फेअरमध्ये आत जायला मिळालेला बॅज टाकून देऊ नका, पुढच्या वेळी तोच चालतो. आमच्या दादाचा गाडीच्या आरशाला लटकतोय.