चढण नसलेला ट्रेक: एस्टोनियातल्या बॉगमधली फळ्यांची वाट

मी राहते त्या तालिनला, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीत, घरचं कुणी आलं की सुरुवातीला काही अडत नाही, जुनं शहर आहे, तटबंदी आहे, बंदर आहे, चर्चच्या मनोऱ्यावर चढून फोटो काढता येतात. पण ते उरकलं की "आता कुठे?" सुरू होतं. माझं उत्तर ठरलेलं असतं, बॉग. म्हणजे दलदल. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं एवढं विमानाचं तिकीट काढून चिखल बघायला यायचं का? त्यात तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे चालायचं म्हटलं की आधीच कपाळाला आठ्या.

तर सगळ्यात आधी हेच सांगते की इथे चढायचं काहीच नाहीये. आपल्याकडे ट्रेक म्हटला की घामाघूम होऊन वर पोचणं, मग माथ्यावरून व्ह्यू बघणं आणि उतरताना गुडघ्यांचं वाटोळं. इथे बॉगवर सरळसोट लाकडी फळ्यांची वाट टाकलेली असते आणि तिच्यावरून चालायचं, बास. एस्टोनियाचा जवळजवळ पाचवा भाग असल्या ओल्या दलदलीच्या जमिनीनेच व्यापलाय, त्यामुळे अशा वाटा देशभर आहेत, बऱ्याचशा सरकारी वनखात्याने बांधलेल्या आणि सांभाळलेल्या, तिकीट वगैरे भानगड नाही.

आम्ही गेलो ते विरू बॉगला. तालिनपासून पूर्वेला साधारण 50 किलोमीटर, नार्वाला जाणाऱ्या हायवेजवळ, लाहेमा नॅशनल पार्कमध्ये. (हे लाहेमा 1971 साली झालं, तेव्हाच्या अख्ख्या सोव्हिएत युनियनमधलं पहिलं नॅशनल पार्क.) वाट साडेतीन किलोमीटरच्या आसपास. आधी पाइनचं उंच जंगल लागतं, मग हळूहळू झाडं बुटकी व्हायला लागतात आणि एकदम सगळं मोकळं होतं, चहूकडे तांबूस-हिरवं शेवाळ आणि मधे मधे काळी तळी. अर्ध्या वाटेवर लाकडी टॉवर आहे. पार्किंगपासून टॉवरपर्यंतच्या फळ्या रुंद केल्यात, बाबागाडी आणि व्हीलचेअर आरामात जाते. पुढे फळ्या अरुंद होतात आणि समोरून कुणी आलं की एकाने अंग चोरून उभं राहायचं. ज्यांना जास्त चालायचं नाही त्यांनी टॉवरवरून परत फिरलं तरी काहीही बिघडत नाही, खरी मजा तोवर बघून झालेली असते.

आता बाबा. बाबांचं अख्खं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, त्यामुळे त्यांना झाडंझुडं, पक्षी वगैरे काही दिसत नाही, पाणी दिसतं. ते टॉवरवर गेले, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाले, अगं, हे पाणी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर आहे, मग ते वाहून का जात नाही? मी इतक्यांना इथे आणलंय पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर या जागेची सगळी गोम त्याच प्रश्नात आहे.

झालं असं की हिमयुग संपल्यावर इथे ठिकठिकाणी उथळ तळी उरली. त्यांच्यात झाडोरा वाढला, मेला, पाण्याखाली बसला. पाण्याखाली हवा नाही त्यामुळे तो नीट कुजतच नाही, नुसता थरावर थर साठत जातो, तेच पीट. त्याच्यावर स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते वरून वाढत राहतं आणि खालून मरत राहतं आणि स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसेक पट पाणी धरून ठेवतं. वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर थर चढतो, पण हजारो वर्षं चाललंय म्हटल्यावर पाच-सहा मीटरचा थर सहज होतो. मग एक वेळ अशी येते की बॉगचा पृष्ठभाग जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीच्या वर निघून जातो, मधे फुगीर आणि कडेला उतरता. तिथून पुढे नदी-झऱ्याचं पाणी त्याला मिळत नाही, फक्त पाऊस आणि बर्फ. आणि खालचा पीटचा थर इतका गच्च दाबलेला असतो की त्यातून पाणी अगदी मुंगीच्या पावलाने झिरपतं. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे हे धरणच झालं की, फक्त भिंत नाही. मग तिथून हलायलाच तयार नाहीत.

आईचं लक्ष मात्र खाली फळीच्या कडेला. ती चक्क बसली, दुखऱ्या गुडघ्यांसकट, आणि मला हाक मारली, अगं हे आपल्या कासला असतं ते! आणि होतंच ते. ड्रोसेरा, ज्याला आपण दवबिंदू म्हणतो. माहेर साताऱ्याचं असल्याने कास पठार तिने लहानपणापासून बघितलेलं. इथली जात वेगळी, नखाएवढी गोल पानं, पानभर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानावर चिलट अडकलं होतं, त्याचा एक पंख अजून हलत होता आणि कडेचे केस त्याच्याकडे वाकलेले. कासला जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आणि इथे मीटर मीटर पीट, पण अडचण एकच, पोषण नाही. नुसत्या पावसाच्या पाण्यात कसलं आलंय पोषण, त्यात हे शेवाळ आजूबाजूचं पाणी आंबट करून टाकतं, म्हणून झाड किडे खाऊन भागवतं. कासलाच फुलणारी सीतेची आसवं, तीही किडेखाऊच, त्यांचे भाऊबंदसुद्धा या तळ्यांत असतात.

त्याच उपासमारीमुळे इथले पाइन खुजे राहतात. माणसाच्या उंचीचं झाड बघून रोप असेल असं वाटतं, पण ते शंभर वर्षांचं असू शकतं. म्हणून म्हणते, बॉगमध्ये लांब बघत भराभर चालणारे लोक अर्ध्या तासात "सगळीकडे सेमच आहे" म्हणत परत येतात. बरोबरच आहे त्यांचं, लांबून सेमच दिसतं. इथे वाकायला लागतं. फळीवर बसून हात खाली घालून शेवाळ हलकेच दाबून बघा, बोटांमधून पाणी बाहेर येतं आणि हात काढला की शेवाळ पुन्हा फुगतं. पण उपटायचं नाही आणि फळीवरून खाली पाय अजिबात ठेवायचा नाही. तुम्ही रुताल हे तर आहेच, पण एक पाऊल पडलं की त्याची खूण वर्षानुवर्षं राहते.

तळ्यांचं पाणी चहाच्या रंगाचं दिसतं. ती घाण नाही, पीटमधली ह्युमिक आम्लं. काही तळ्यांना शिडी लावलेली असते आणि उन्हाळ्यात लोक बिनधास्त पोहतात. मी बोटं बुडवली तेवढं पुरे.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला पीट काढून घेतलेलं जुनं मैदान लागतं आणि तिथे मात्र बाबा गप्प झाले. सपाट, तपकिरी, उघडं. पीट काढायचं तर आधी चर खणून पाणी काढून द्यायचं, पाणी गेलं की पीटला हवा लागते, हवा लागली की ते कुजायला लागतं आणि हजारो वर्षं दाबून ठेवलेला कार्बन बाहेर. जगात पीटची जमीन 3 टक्क्यांच्या आसपास, पण तिच्यात सगळ्या जंगलांच्या झाडांपेक्षा जास्त कार्बन आहे. आणि हे पीट जातं कुठे, तर मोठा भाग कुंड्यांमध्ये आणि ग्रीनहाऊसमध्ये, नेदरलँड्सपर्यंत. आपल्याकडे गच्चीवरच्या बागेत आपण कोकोपीट वापरतो ना, त्या नावातला पीट हाच, आपण नारळाच्या भुशावर भागवतो हे त्या मानाने फारच बरं. आता इथे बऱ्याच ठिकाणी जुन्या चरांना बांध घालून पाणी परत अडवतायत. आम्ही जन्मभर निचरा कसा होईल ते बघितलं, असं बाबा पुटपुटले, त्यावर मी काही बोलले नाही.

कधी यायचं? जून-जुलैत रात्र जवळपास होतच नाही, पण डास फोडून काढतात. माझी पसंती सप्टेंबर, शेवाळ लालेलाल होतं, सकाळी धुकं असतं आणि क्रॅनबेरी पिकायला लागते. इथे सरकारी जंगलात कुणीही बेरी तोडून नेऊ शकतं. आईने फळीच्या जवळची पुरचुंडीभर वेचली, घरी येऊन मोहरी-मेथीची फोडणी देऊन लोणचं घातलं आणि ते फारच भारी झालं. ओल्या फळ्या मात्र साबणासारख्या निसरड्या होतात, गुळगुळीत तळव्याचे बूट घालून येऊ नका. उन्हाच्या दिवशी फळीवर कधीकधी व्हायपर जातीचा विषारी साप शेकत पडलेला असतो, त्याला जाऊ द्यायचं, काठीने डिवचायचं नाही. आणि गवतातून, झुडपांतून फिरलात तर घरी आल्यावर अंगावर गोचीड बघा, ही सूचना इथे फार गांभीर्याने घेतात कारण त्यांच्यामुळे मेंदूचा ताप येतो.

गाडी नसेल तर हायवेवर बसने उतरून थोडं चालावं लागतं, परतीच्या बसची वेळ आधी बघून ठेवा. तेवढाही वेळ नसेल तर तालिन शहरातच पास्कुला बॉग आहे. पण तिथे पूर्वी चर खणून पाणी काढलं, पीट काढलं, शेजारी शहराचा कचरा डेपो होता तो 2003 मध्ये बंद झाला, त्यामुळे आज तिथे बॉगपेक्षा बर्चचं जंगलच जास्त दिसतं. संध्याकाळी पाय मोकळे करायला छान आहे. पण आईबाबांना आणलंत तर विरूलाच न्या, आणि त्यांना घाई करू नका.